खंडेनवमीला मांडलेली हत्यारं

पाना जितका जड तितका चांगला, असं आमच्या घरात सगळ्यांचंच मत होतं. त्याला कारणही होतं. आम्ही मूळचे नांदेडकडचे शेतकरी. गावी पहार घ्यायची तर दुकानात ती दोन्ही हातांनी उचलून बघत. जड पहार आपल्याच वजनाने जमिनीत शिरते, माणसाचे श्रम वाचतात. कुऱ्हाडीचं तेच, घणाचंही तेच. पुढे वडिलांना हैदराबादेत सरकारी कचेरीत नोकरी लागली, आम्ही नारायणगुड्याला राहायला आलो, माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, घरात टेबलखुर्ची आली. पण लोखंड पारखायची रीत गावाकडचीच राहिली.

मुलांनो, ही हकिकत माझ्या धाकट्या भावाची आहे. तुमचे बाबा ज्याला मामा म्हणतात, तोच. तुम्ही पाहिलात तो टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस. मी सांगते आहे त्या काळी तो काटकुळा होता, नुकतंच मिसरूड फुटलेलं, आणि लॉरीचा मेकॅनिक व्हायला शिकत होता. सकाळी वर्ग, दुपारी सिकंदराबादच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात हाताने काम. शाळेत त्याला पुस्तक उघडलं की झोप यायची. कारखान्यातून मात्र तो कोपरापर्यंत काळा होऊन यायचा आणि जेवताना डिझेल इंजिनाबद्दल इतकं बोलायचा, की आई म्हणायची, "आधी घास गीळ, मग लॉरी चालव."

राज्यांची भाषावार फेररचना झाली ते हे वर्ष. हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटलं जाणार होतं. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसुरात, आणि आम्ही राहत होतो ते शहर तेलंगणासकट आंध्रात. कचेऱ्यांमधून कोण कुठे जाणार ते ठरत होतं. वडिलांना औरंगाबाद मिळालं. दिवाळीच्या तोंडावर घर हलवायचं होतं. मी नारायणगुड्यातच एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि माझी नोकरी खासगी, त्यामुळे माझं इथेच राहायचं ठरलं. प्रश्न भावाचा होता. वडिलांनी त्याच्यासाठी औरंगाबादच्या कचेरीत कारकुनाची जागा बोलून ठेवली होती.

भावाला ती नको होती. त्याच सुमारास इथल्या एका मोठ्या लॉरी डेपोतली बरीच माणसं आपापल्या मुलखात निघाली होती, म्हणून तिथे नवीन मेकॅनिक घेणार होते. दसऱ्यानंतर निवड. अट एकच, उमेदवाराने स्वतःची हत्यारं घेऊन यावं आणि सांगतील ते काम तिथल्या तिथे करून दाखवावं.

वडील म्हणाले, "घेतलं तुला, तर राहा अक्काजवळ. नाही घेतलं, तर माझ्याबरोबर चलायचं आणि टेबलावर बसायचं. मग कुरकुर ऐकून घेणार नाही."

"नाही करणार," भाऊ म्हणाला.

हत्यारांसाठी वडिलांनी जेवढे जमतील तेवढे पैसे बाजूला काढले, आणि आम्ही चौघंही बेगम बाजारात गेलो. मसाल्यांच्या वासातून, पोत्यांच्या हमालांना चुकवत, लोखंडाच्या दुकानांपर्यंत पोचलो. पाना म्हणजे नट फिरवायचं हत्यार, तुम्ही स्पॅनर म्हणता ते. दुकानदाराने पान्यांचे दोनतीन संच समोर टाकले. आईने पदर खोचला आणि एकेक पाना उचलून हातात झेलायला सुरुवात केली.

"हा नको. हा पोकळ वाटतो. तो द्या, तिकडचा."

"अम्मा, आप तो लोहे के पारखी निकले," दुकानदार म्हणाला. "ये लो. हाथी के पाँव सरीखा है."

"आई, जरा बारीक असतात ते..." भाऊ पुटपुटला.

"बारीक घेऊन काय दात कोरायचेत?"

वडील हसले. भावाचं म्हणणं तिथेच संपलं. आम्ही सगळ्यांत जाड, सगळ्यांत जड संच घेतला. पिशवीच्या बंदांनी माझ्या बोटांवर वळ उठले आणि त्या वळांकडे बघून सगळ्यांना समाधान वाटलं.

थोड्याच दिवसांत भाऊ हाताला चिंधी गुंडाळून घरी आला. बोटांची सालटी निघाली होती.

"कुणाशी भांडलास?" आईने विचारलं.

"पान्याशी."

त्याने खिशातून पाना काढून उंबऱ्यावर ठेवला. त्याच्या तोंडाची एक बाजू तुटली होती. तुटल्या जागी लोखंड राखी रंगाचं, रवाळ दिसत होतं, गुळाची ढेप फोडल्यावर दिसते तसं. ते ओतीव बीड होतं. वितळवून साच्यात ओतलेलं, वर रंग दिलेला. चाकाचा गच्च बसलेला नट सोडवायला त्याने जोर लावला, तशी पान्याने मान टाकली आणि हात जाऊन लोखंडी चौकटीवर आदळला.

आईने तुकडा हातात घेतला, उलटापालटा केला. "वजन तर होतं," ती एवढंच म्हणाली. मग हळद आणायला आत गेली.

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की पहार आणि पाना यांची जातच वेगळी. पहारीचं वजन काम करतं. पान्याचं वजन काहीच करत नाही. काम करतो माणसाचा हात, आणि पान्याने फक्त न वाकता, न फाकता तो जोर नटापर्यंत पोचवायचा असतो. आमच्या पिशवीतल्या बाकीच्या पान्यांचा भरवसा उरला नव्हता. पैसे थोडे राहिले होते आणि दसरा जवळ आला होता.

कारखान्यातल्या कुणाकडून पाने मागून घ्यावेत म्हणाल, तर तशी रीत नव्हती. तिथले उस्ताद काम शिकवत, आपल्या डब्यातली भाकरी देत, पण आपला पाना दुसऱ्याच्या हाती देत नसत. त्यात कुणाला राग नव्हता. कुणी कुणाचा चष्मा मागत नाही तसं ते होतं.

मग एका संध्याकाळी भाऊ मला म्हणाला, "अक्का, उद्या खंडेनवमी. कारखान्यात सगळी हत्यारं धुऊन मांडतात. घरची माणसं आली तरी चालतात. तू चल. मला त्यांच्यावरची इंग्रजी अक्षरं वाचून हवीत."

"ती काय तुला रोज दिसत नाहीत?"

"रोज ग्रीस असतं त्यांच्यावर. वर्षातून एकदाच ती उघडी पडतात."

आमच्या घरीही खंडेनवमी व्हायची. देव्हाऱ्यापुढे गावाकडचा विळा, आईची विळी, वडिलांचं पेन आणि माझी पुस्तकं. त्यामुळे मला वाटलं, तसंच काही असेल, थोडं मोठं.

फाटकातून आत गेले आणि जागच्या जागी थांबले. रोज तेलाने काळी असणारी ती जमीन झाडून, सडा घालून ठेवली होती. मधोमध एक लॉरी धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी, एखाद्या देवळासारखी उंच. आणि तिच्यासमोर, भिंतीच्या कडेने, पांढऱ्या चादरींवर प्रत्येक मेकॅनिकची हत्यारं ओळीने मांडलेली. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत, मग पकडी, पेचकस, छिन्न्या, हातोड्या, कानशी. रॉकेलने धुतलेली, कोरडी पुसलेली, प्रत्येकावर कुंकवाचं एकेक बोट. मालक तेलुगू होते, त्यांनी कोहळा फोडला. उस्तादांपैकी बरेचजण मुसलमान. कुंकू मालकांनी लावलं, पण हत्यारं उस्तादांनी स्वतःच मांडली होती, आणि आपापल्या चादरीमागे ते धुतलेल्या कपड्यांत उभे होते, मुलांचं बक्षीस घ्यायला आलेल्या वडलांसारखे. त्या दिवशी कुणी पाना हातात घेत नाही. इंजिन चालू करत नाहीत. एरवी ठोकाठोकीने कान बसायचे त्या जागेत इतकी शांतता होती, की झेंडूवरच्या माश्यांचा आवाज येत होता.

मी चर्च पाहिलं होतं, मशीद बाहेरून पाहिली होती, देवळं तर कितीतरी. माणसाच्या हातातल्या वस्तूंपुढे इतकं नम्र व्हावंसं मला तोपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

भावाने हात पाठीमागे बांधले, चुकूनसुद्धा स्पर्श होऊ नये म्हणून, आणि त्याच्या उस्तादांच्या चादरीपुढे वाकला. उस्ताद पांढऱ्या दाढीचे, उंच. मीही वाकले आणि वाचू लागले. पान्यांच्या दांड्यांवर बारीक उठावाची अक्षरं होती. मापं इंचात, कुठे देशाचं नाव, आणि जवळजवळ प्रत्येकावर तेच दोन शब्द, 'ड्रॉप फोर्ज्ड'.

"म्हणजे काय?"

"घडीव. तापलेल्या पोलादावर वरून घण पाडून घडवलेलं."

"आणि आपल्या पान्यांवर?"

"आपल्यावर काहीच नव्हतं. मी पाहिलं होतं."

ते पाने बारीक होते. दांडा मधे आणखी खोलगट केलेला, तोंडाजवळ तेवढं पोलाद दाट. मला आमच्या शिवारातली हरणं आठवली. काडीसारखे पाय, आणि त्यांवर एवढी उडी. जिथे हवं तिथेच ठेवलेलं आणि नको तिथून काढून घेतलेलं पोलाद मी पहिल्यांदा बघत होते. कितीतरी जुने होते ते, पण तोंडं अजून सरळ.

माझं काम झालं होतं. भाऊ मात्र हलेना. तो ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून गेला, परत आला. शेजारच्या चादरीकडे गेला. तिथून पुढच्या. मग पुन्हा पहिल्या चादरीशी.

"क्या रे," उस्ताद म्हणाले, "नजर लगाने आया क्या मेरे पानों कू?"

"नहीं उस्ताद. देख रहा हूँ, कौन कौन काम करता."

"सब करते."

"सब नहीं करते. ये सो रहा है. ये भी सो रहा. ये चार-पाँच हैं, ये जागते."

मी बघितलं, आणि मलाही दिसलं. सगळे पाने सारखेच धुतलेले होते, पण काही नुसते स्वच्छ होते आणि काही चमकत होते. तळहाताने वर्षानुवर्षं घासून येते ती चमक. भावाने मला दुसऱ्या चादरीजवळ नेलं. तिथेही तेवढेच चमकत होते. तिसरीकडेही. माणसं वेगळी, पाने वेगवेगळ्या देशांचे, पण चमकणारी मापं सगळीकडे तीच. लॉरीचं बहुतेक काम त्या मोजक्या मापांवर चालतं, हे त्या भिंतीच्या कडेने पसरलेलं होतं आणि वर्षानुवर्षं कुणी वाचलं नव्हतं.

उस्ताद खाली वाकले. आपल्याच हत्यारांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "अरे हौ," ते म्हणाले. मग शेजारच्याला हाक मारली, "मियाँ, इधर आव. देखो ये छोकरा क्या बोल रहा."

शाळेत ज्याला एक धडा सरळ वाचता येत नसे, तो माझा भाऊ लोखंडावरचा हातांचा इतिहास घडाघडा वाचत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

घरी येताना तो म्हणाला, "पूर्ण संच घ्यायचाच नाही, अक्का. जागणारे तेवढे घ्यायचे. पण अस्सल."

दसरा झाल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं सिकंदराबादला गेलो. तिथे लष्कराचा जुना माल विकणारी दुकानं होती, डिस्पोजलची. युद्धात परदेशातून आलेली हत्यारं गोणपाटावर ढीग करून ठेवलेली असत. गंजलेली, ग्रीसने माखलेली, पण घडीव. भावाने खिशात कारखान्यातून आणलेले वेगवेगळ्या मापांचे नट ठेवले होते. एकेक पाना चिंधीने पुसायचा, मला अक्षरं दाखवायचा, मग त्यात नट बसवून हलवून बघायचा. जरा खडखडला की बाजूला. मग तोंड उजेडापुढे धरून दोन्ही बाजू समांतर आहेत का ते बघायचा. कुठे हातोडीचे घाव दिसले, तरी बाजूला. मोठा ढीग नाकारलेल्यांचा झाला.

दुकानदार मला म्हणाला, "बाई, तुम्हारे भाई पाने ले रहे कि मोती?"

"मोती घेतले असते तर केव्हाच घरी गेलो असतो," मी म्हटलं. त्याला मराठी कळलं असावं, कारण तो हसला आणि चहा मागवला.

शेवटी निवडलेले पाने, एक पक्कड, एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आणि एक हातोडी एवढं सगळं एका पंच्यात मावलं. घरी पंचा उलगडला. वडिलांनी एक पाना उचलला आणि ठेवला.

"बाकीचे कुठायत?"

"एवढेच."

"एवढ्यावर निवडीला जाणार? दुसरी मुलं पेट्या भरून आणतील."

"आणू द्या."

"आणि तुझ्याकडे नाही त्या मापाचा नट निघाला तर?"

भावाने पंचा गुंडाळला. "तर तुमच्याबरोबर औरंगाबाद," तो म्हणाला.

निवडीच्या दिवशी वडील कचेरीत गेले. मी शाळेतून रजा घेऊन डेपोच्या तारेच्या कुंपणाबाहेर, इतर घरच्यांबरोबर उभी राहिले. वडिलांचं म्हणणं खरं निघालं. पोरांनी लाकडी, लोखंडी पेट्या आणल्या होत्या. भावाने पंचा सोडला तेव्हा शेजारच्याने विचारलं, "जेवण आणलंस का रे?" आणि दोघंतिघं हसले.

फोरमन मिशाळ, कमी बोलणारा माणूस होता. लॉऱ्यांची बॉनेट उघडलेली होती. प्रत्येकाने इंजिनावरचा पाण्याचा पंप उतरवायचा, दाखवायचा आणि परत बसवायचा. भाऊ चाकावर पाय देऊन वर चढला आणि इंजिनात अर्धा नाहीसा झाला. मला त्याचं कोपर तेवढं दिसत होतं. पाना बसायचा, कोपर एकदा हलायचं, पाना निघायचा. घाई नव्हती आणि थांबणंही नव्हतं. वाद्य वाजवणाऱ्याचे हात मी पाहिले आहेत, अगदी तसं. शेजारच्या लॉरीवरून पाना निसटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक शिवी.

मग भावाचं कोपर थांबलं.

तो खाली उतरला, पंच्यातले पाने बघितले, वर गेला, परत खाली आला. मला कुंपणाबाहेरून कळलं. वडिलांनी विचारलेला नट निघाला होता. एकच, पण त्याच्यावाचून पंप सुटणार नव्हता. मी तार इतकी घट्ट धरली होती की हाताला काटे लागलेले नंतर दिसले.

भावाने चाकूसारखी पातळ पट्टी असलेला पेचकस उचलला. नटापेक्षा किंचित मोठा पाना नटावर बसवला आणि मधल्या फटीत पेचकसाची पट्टी सरकवली. फोरमन चालत येऊन मागे उभा राहिला.

"क्या कर रहा?"

"साब, ये साइज़ मेरे पास नहीं. फट भर के खोलता हूँ."

"पाना फट गया तो? नट गोल हो गया तो?"

"नट गोल हुआ तो मैं घर जाता, साब. पाना नहीं फटता."

भावाने जोर लावला. काही झालं नाही. त्याने पाय पक्के रोवले, श्वास घेतला आणि सावकाश, सगळं अंग त्या बारीक पोलादावर टाकलं. मला बेगम बाजारचा पाना दिसत होता, राखी, रवाळ. आता कडकन आवाज येणार म्हणून मी डोळे मिटले.

आवाज आला तो निराळा होता. करकर, आणि मग मोकळा. डोळे उघडले तेव्हा भाऊ तो नट बोटांनी फिरवून काढत होता.

फोरमनने हात पुढे केला. नट घेतला, अंगठ्याने त्याचे कोपरे चाचपले. सगळे शाबूत. मग पाना घेतला आणि त्याचं तोंड आभाळापुढे धरून बघितलं, भावाने सिकंदराबादला बघितलं होतं तसंच.

"कहाँ से लिया?"

"डिस्पोजल में."

"चुना कौन?"

"मैंने, साब."

फोरमनने पंच्यातल्या इतर पान्यांवरून नजर फिरवली. "पंप बिठाव," तो म्हणाला. "फिर अंदर जाके नाम लिखाव."

भावाने कुंपणाकडे वळून बघितलं नाही. तो परत इंजिनात वाकला आणि पंप बसवू लागला.

वडिलांना मी संध्याकाळी सांगितलं. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. "बरं झालं," ते म्हणाले, "औरंगाबादला कळवतो, तिथली जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून."

घर हलवायच्या दिवशी सामान न्यायला भाड्याची लॉरी दारात आली. पलंग, पिंप, वडिलांचं टेबल, सगळं चढलं. आई पुढच्या जागेवर बसलीसुद्धा. तेवढ्यात भाऊ लॉरीच्या मागे वाकून म्हणाला, "ड्रायव्हरसाब, रुको. स्प्रिंग की कमान का नट ढीला है," आणि सरळ खाली सरकला. रस्त्यावर त्याचे दोन पाय तेवढे दिसत होते.

"अरे, नवे कपडे!" आई वरून ओरडली. "हौ हौ," खालून आवाज आला, "बाबा, पंच्यातला पाना द्या. मोठा."

माझे वडील, प्रवासासाठी कोट घातलेले, धुळीत उकिडवे बसले. पंचा उलगडून त्यांनी एक पाना खाली दिला. आतून तो परत आला. "हा नाही, बाबा. त्याच्या शेजारचा."

त्यांनी तो दिला. या वेळी पाना परत आला नाही. लॉरीखाली नट आवळल्याचा आवाज येत होता, ड्रायव्हर घाई करत होता, आई हाका मारत होती. वडील उठले नाहीत. पंच्यातला पुढचा पाना हातात धरून, भावाच्या पायांकडे बघत, तो मागायच्या आधीच द्यायला तयार बसून राहिले.